तोटी आहे, पण ही किटली नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर आवरताना माळ्यावर एक जुनं, पांढऱ्या चकचकीत झिलईचं भांडं सापडलं. उंची सतरा-अठरा सेंटीमीटर, पोट गोल, गळा सरळ आणि अरुंद, खांद्यावर एक आखूड, जाड तोटी. कान नाही, झाकण नाही, अंगावर एक अक्षर छापलेलं नाही. आत तपकिरी डाग आहेत आणि बुडाला '३' असा खोल ठसा आहे. घरात कुणी त्याला झाकण हरवलेली किटली म्हणतं, कुणी तेलाचं भांडं, तर कुणाच्या मते त्यातून तान्ह्या बाळाला दूध पाजत असत. मूळ उपयोग काय असावा, असं तुम्ही विचारलंय आणि सोबत पाच फोटो पाठवलेत.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. हे वाफारा घ्यायचं भांडं आहे. गळ्यात एक जाड बूच बसायचं आणि त्या बुचातून काचेची वाकडी नळी वर यायची. भांड्यात अर्ध्यापर्यंत कढत पाणी, त्यात औषध. रुग्ण नळी ओठांत धरून श्वास आत ओढायचा आणि नाकावाटे सोडायचा. तो श्वास ओढला की बाहेरची हवा तोटीतून आत शिरायची, गरम पाण्यावरून फिरायची आणि वाफ घेऊन नळीतून छातीत उतरायची. थोडक्यात, तुमच्या भांड्याची तोटी ओतण्यासाठी केलेलीच नाही, ती हवा आत येण्याची वाट आहे. हे एकदा लक्षात आलं की त्या भांड्यातल्या बाकीच्या सगळ्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

मी गेली अठ्ठावीस वर्षं जुनी मातीची आणि चिनी मातीची भांडी जोडण्याचं, साफ करण्याचं काम करते आहे. या काळात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न 'हे किती जुनं?' हा आहे. 'हे कशासाठी?' असं फार थोडे विचारतात. तुम्ही ते विचारलंत म्हणून मी जरा सविस्तर लिहिते आहे. एका भांड्यावर हे नीट कळलं तर पुढचं भांडं तुम्ही स्वतः वाचू शकाल.

तुमचा दुसरा फोटो, बाजूनं काढलेला, पुन्हा उघडा. तोटीच्या टोकावर एक पट्टी आडवी धरा आणि ती गळ्यापर्यंत नेऊन बघा. तोटीचं टोक गळ्याच्या काठापेक्षा दोन बोटं तरी खाली आहे. किटलीत असं कधीच करत नाहीत, कारण एकमेकांना जोडलेल्या दोन नळ्यांत पाण्याची पातळी सारखीच राहते. किटली काठोकाठ भरायची असेल तर तोटीचं टोक निदान काठाच्या उंचीला हवं, नाहीतर भरता भरताच तोटीतून पाणी वाहू लागेल. हे कुंभाराला शिकवावं लागत नाही. तेव्हा ज्या भांड्याची तोटी तोंडाच्या खाली संपते, ते भांडं पूर्ण भरण्यासाठी घडवलेलंच नाही. अर्धं रिकामं राहायचं होतं, आणि त्या रिकाम्या जागेत काहीतरी घडायचं होतं. इथे ते 'काहीतरी' म्हणजे वाफ.

आता गळा. झाकण हरवलंय असं तुम्हाला वाटतं, पण झाकण बसायला आतल्या बाजूनं एक पायरी लागते, बारीकशी कडा, जिच्यावर झाकण टेकतं. बोट आत घालून फिरवून बघा. तुमच्या फोटोत तरी ती कडा दिसत नाही. गळा आतून सरळ आहे, खाली जाताना किंचित निमुळता होतो. हा बुचाचा गळा. बूच दाबून बसवायचं असेल तर असाच निमुळता आकार लागतो.

भांडं हातात आलं की मी आधी नेहमी काठच बघते. भांडं कसं बंद करायचे हे कळलं की आत काय असायचं त्याचा निम्मा उलगडा होतो. काठ बाहेर वळलेला असेल आणि त्याच्या खाली खोलगट खाच असेल, तर तोंडावर कापड, कातडं किंवा जाड कागद ताणून खाली दोरीनं आवळत असत. पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतल्या औषधविक्यांकडे 'अल्बारेलो' नावाच्या उभट बरण्या असत. त्यांचे काठ असेच आहेत. त्यांची कंबरही मुद्दाम बारीक ठेवलेली असते. फळीवर बरण्या एकीला एक लागून उभ्या असताना मधली एक उचलायची तर बोटं जायला जागा हवी ना! मुरंब्याच्या जुन्या पांढऱ्या बरण्यांच्या काठाखालची खाच त्याच घराण्यातली. काठ जाड, गोल आणि आतून झिलई नसलेला असेल तर झाकण त्यावर नुसतं टेकत असे. काठाला आतून आटे असतील तर स्क्रूचं बूच, आणि इंग्लंडमध्ये तसल्या बुचाचं पेटंट हेन्री बॅरेटनं १८७९ साली घेतलं, म्हणजे तिथल्या पेयांच्या बाटल्यांवर तसे आटे असले तर त्या बहुधा त्यानंतरच्या. काठ इतकं बोलतो, म्हणून फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती असते की काठाचा एक जवळून काढलेला फोटो हवाच. तुम्ही तो न सांगता पाठवलात, फार बरं वाटलं.

तोटीच्या आतल्या बाजूचा फोटोही कामाचा निघाला. चहाच्या किटलीत तोटी जिथे पोटाला जोडलेली असते तिथे बहुतेक वेळा लहान लहान भोकं असतात, पत्ती अडवायला. तुमच्या भांड्यात एकच मोठं, गोल भोक आहे. शिवाय तोटीच्या टोकाला ओठ नाही. ओतायच्या तोटीचं टोक खालच्या बाजूला थोडं पुढे आणलेलं किंवा धारदार कापलेलं असतं, म्हणजे धार तुटते आणि थेंब अंगावरून ओघळत नाही. तुमची तोटी नुसती सपाट कापून वरून गुळगुळीत केलेली आहे. आणि कान? कढत पाण्याचं ओतायचं भांडं कानाशिवाय कोण बनवेल? वाफाऱ्याचं भांडं फडक्यात किंवा टॉवेलात गुंडाळून, एखाद्या वाडग्यात ठेवून समोर धरत. ते कलंडवायचं नसे, त्यामुळे कान नसला तरी अडत नसे. कान असलेलीही अशी भांडी मिळतात, पण तुमच्या भांड्यावर कान तुटल्याची काही खूण नाही. झिलई सगळीकडे अखंड आहे.

तपकिरी डागांमुळे तुमचा चहावर संशय गेला, ते साहजिक आहे. पण डाग कुठे आहेत ते बघा. चहाचा डाग बुडापासून सुरू होतो, सगळीकडे सारखा पसरतो आणि तोटीच्या आत सगळ्यात गडद असतो. तुमच्या भांड्याच्या बुडाला डाग जवळजवळ नाहीत. ते एका पट्ट्यात आहेत, तोटीच्या भोकाच्या जरासे खाली, आणि मग पुन्हा गळ्याच्या आत. त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला पांढरट क्षाराची एक रेघही दिसते. ही पाण्याची पातळी. अशा भांड्यांत पाणी तोटीच्या भोकाच्या खालपर्यंतच भरायचं असा नियम होता, नाहीतर हवेची वाट बुजते. जुन्या नर्सिंगच्या पुस्तकांत तो स्पष्ट दिलेला असतो. त्याच पुस्तकांत आणखी एक बारीक सूचना असते: नळीचं तोंड आणि तोटी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ठेवावीत, म्हणजे तोटीतून निघणारी वाफ रुग्णाच्या चेहऱ्यावर येत नाही.

डाग कशाचा, याची खात्री तुम्ही घरी करू शकता. कापसाचा बोळा काडीला गुंडाळा, सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पिळून घ्या आणि गळ्याच्या आतल्या डागावर हलकेच फिरवा. चहाचा डाग स्पिरिटनं जवळजवळ हलत नाही. बोळा पिवळसर-तपकिरी झाला, थोडा चिकट लागला आणि त्याला व्हॅनिलासारखा गोडसर वास आला, तर तो ऊद. उदाचा अर्क, म्हणजे टिंक्चर बेंझोइन, हे वाफाऱ्यातलं फार जुनं औषध. ऊद ही झाडाची राळ आहे, पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याच्या पातळीवर आणि वाफ जिथे थंड होते त्या गळ्याशी तिचा थर बसतो. माझ्याकडे अशी जी भांडी आली त्यातल्या एकात तो थर नखानं खरवडता येईल इतका जाड होता. मी तो साफ केला नाही. अंगावर एकही अक्षर नसलेल्या भांड्याची ओळख त्या थरातच असते, आणि एकदा पुसला की तो परत आणता येत नाही. म्हणून तुम्हीही एका कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवरच बघा आणि थांबा. भांडं पूर्वी कुठे जोडलेलं असेल तर तिथे स्पिरिट अजिबात लागू देऊ नका. जुने जोड पुष्कळदा लाखेचे असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

घरातल्या इतर दोन अंदाजांबद्दलही बोलायला हवं, ते काही उगाच केलेले नाहीत. बाळाला दूध पाजायची चिनी मातीची भांडी खरोखरच होती. पण ती लहान, होडीसारखी किंवा आडवी असतात, एका हातात मावतात आणि त्यांच्या टोकाचं भोक बारीक असतं. तुमच्या तोटीतून बाळाच्या तोंडात दूध ओतलं तर त्याला ठसकाच लागेल. आजाऱ्याला पेज किंवा सूप पाजायचा कप तोटीचाच असतो, मात्र त्याचं तोंड वरून अर्धं झाकलेलं असतं, म्हणजे निजलेल्या माणसाच्या अंगावर सांडत नाही. तेलाचं म्हणाल तर तेल लपत नाही. झिलईला बारीक तड्यांची जाळी पडते, त्यातून तेल आतल्या खापरात मुरतं आणि वर्षांनुवर्षांनी बाहेरूनही काळपट-पिवळे पट्टे दिसतात, गरम दिवसांत वास येतो. तुमच्या भांड्याला जाळी पडली आहे, पण ती पांढरीच आहे. तेल त्यात कधी राहिलेलं नाही.

खापराबद्दल बोलायचं तर बुडाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो काही क्षणांत शोषला गेला तर हे अर्थनवेअर, म्हणजे कमी तापमानाला भाजलेली सच्छिद्र माती. बाराशे अंशांच्या वर भाजलेलं स्टोनवेअर किंवा पोर्सिलेन असेल तर थेंब तसाच बसून राहील. पोर्सिलेनमधून बॅटरीचा उजेडही आरपार दिसतो. वाफाऱ्याची भांडी बहुधा पांढऱ्या अर्थनवेअरची असत. धातूपेक्षा माती उशिरा निवते आणि हाताला चटका कमी बसतो, दोन्ही गोष्टी इथे हव्याच होत्या.

हा प्रकार मुळात धातूतच सुरू झाला होता. इंग्लंडमध्ये प्लिमथ इथल्या जॉन मज या डॉक्टरानं १७७८ साली खोकल्यावरच्या आपल्या पुस्तकात असं एक भांडं मांडलं आणि त्याला 'इनहेलर' हे नाव दिलं. ते प्यूटरचं, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचं, उंच पेल्यासारखं होतं. त्याचा कान पोकळ होता, हवा त्या कानातून खाली जाऊन पाण्यातून बुडबुड्यांनी वर यायची. मला ही रचना फार आवडते, धरायचा कान आणि श्वासाची वाट एकच! चिनी मातीत जे रूप सगळ्यात जास्त पसरलं ते मात्र १८६०च्या दशकातलं, लंडनच्या एस. मॉ अँड सन या कंपनीनं विकलेलं 'डॉक्टर नेल्सन्स इम्प्रूव्हड इनहेलर'. त्याच्या पोटावर वापरायच्या सूचना छापलेल्या असत, त्यामुळे ते ओळखायला कुणाला त्रास होत नाही. तो नमुना विसाव्या शतकातही रुग्णालयांत वापरात होता. तुमचं भांडं त्याच घडणीचं, पण कोऱ्या अंगाचं.

छापील मजकूर होता आणि पुसला गेला, असं असेल का? तपासता येतं. खोलीत अंधार करा आणि बॅटरी भांड्याच्या अंगाला जवळजवळ समांतर धरा. मजकूर झिलईच्या वर छापलेला असेल तर शाई गेली तरी त्या जागी झिलई किंचित मंद दिसते, अक्षरांच्या सावल्या उरतात. झिलईच्या खाली छापलेला मजकूर पुसला जातच नाही. तुमच्या पाचही फोटोंत अशी सावली मला दिसली नाही, पण फोटोवरून याची खात्री देता येत नाही. तुम्ही स्वतः बघा.

बुडाचा '३' म्हणजे साल नव्हे, शतक तर नव्हेच. एकटा आकडा बहुतेक वेळा आकारमानाचा, साच्याचा किंवा कारागिराचा असतो. बुडाच्या खुणा काळ सांगतात, उपयोग सांगत नाहीत, हेही इथेच सांगते. इंग्लंडमधल्या मालावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण १८४२ ते १८८३ या काळात असे, १८८४पासून नुसता नोंदणी क्रमांक. 'इंग्लंड' हा शब्द बहुधा १८९१पासून दिसतो, अमेरिकेच्या आयात कायद्यानं देशाचं नाव सक्तीचं केलं म्हणून. तुमच्या भांड्यावर यातलं काहीच नाही, त्यामुळे मी नेमकं साल सांगणार नाही.

आकारावर विसंबून मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एक मोठी चूक केली आहे. पावाच्या लादीसारखं एक तपकिरी स्टोनवेअरचं भांडं आलं होतं, खालून सपाट, वरून गोलसर, मध्ये स्क्रूचं बूच. मी नोंदीत लिहिलं, 'मद्याचा पिंप'. दोन दिवस ते माझ्यासमोर होतं आणि मी एकदाही विचारलं नाही की पिंप असेल तर तोटी बसवायचं भोक कुठे आहे. उलटं केल्यावर दिसलं, सपाट बाजू लांबीभर घासून गुळगुळीत झालेली होती आणि बुचाला रबराची वायसर होती. ती गरम पाण्याची बाटली होती, थंडीत अंथरुणात पायाशी ठेवायची. झीज बघितली असती तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून मी भांडं आधी उलटं करते. अठराव्या शतकातल्या फ्रेंच 'बूर्दालू'चीही हीच गत होते. लांबट, देखणं, फुलापानांनी रंगवलेलं भांडं लोक जेवणाच्या टेबलावर रस्सा वाढायला ठेवतात, आणि ते असतं बायकांचं हातात धरायचं लघवीचं भांडं. त्याचा काठ आत वळलेला असतो, ओतायच्या भांड्याचा तसा कधी नसतो. काठ पुन्हा आलाच बघा.

एक खबरदारी मात्र तुमच्या भांड्यालाही लागू आहे. शेवटचा उपयोग मूळ उपयोगासारखाच असेल असं धरून चालू नका. राइनच्या खोऱ्यात, कलोनजवळच्या फ्रेखेनमध्ये गळ्यावर दाढीवाला चेहरा असलेले सुरईसारखे जग बनत. ते पेयं ठेवायला, वाढायला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये त्यांत टाचण्या, खिळे, केस, लघवी भरून ते चुलीखाली, उंबऱ्याखाली पुरलेले सापडतात, चेटूक परतवण्यासाठी. ज्याला असा एक सापडेल त्याला मूळ आणि नंतरचा उपयोग वेगळे करावेच लागतात. तुमच्या भांड्यात पाण्याची रेघ आणि डाग एकाच कामाची साक्ष देतात, म्हणून मी इतक्या ठामपणे लिहिते आहे. बुडाला नंतर पाडलेलं भोक असतं, म्हणजे कुणीतरी त्याचा दिवा किंवा कुंडी केली असती, तर मी जास्त जपून बोलले असते.

आता सांभाळायचं कसं. यात खायचं-प्यायचं काही ठेवू नका आणि वाफारा तर मुळीच घेऊ नका. जुन्या अर्थनवेअरच्या झिलईत शिसं असण्याची शक्यता मोठी असते, आणि जाळी पडलेलं भांडं कढत पाण्यानं एका क्षणात दुभंगू शकतं. पाण्यात भिजत घालू नका. ब्लीच तर नकोच, त्याचे क्षार झिलईखाली साठतात आणि पुढे तिचे पोपडे निघतात. बाहेरून ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं फडकं, एवढं पुरे. उचलताना गळ्याला किंवा तोटीला धरू नका, दोन्ही हात पोटाखाली घाला.

आणि माळा अजून पुरता आवरला नसेल तर एक काम करा. जिथे हे भांडं मिळालं त्याच्या आसपासची खोकी टाकून देण्याआधी नीट बघा. बोटाएवढी जाड, वर वाकलेली काचेची नळी आणि वाळून आकसलेलं मोठं बूच, बुचाला आरपार भोक. नळी सहसा फुटते आणि बूच कचरा समजून फेकलं जातं, त्यामुळे ती जोडी पुरी क्वचितच मिळते. मिळाली तर बूच गळ्यात दाबून बसवू नका, नुसतं शेजारी ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा.